बीअर : इतिहास आणि लोकभ्रम

धान्याला मोड आणून, ते वाळवून व भरडून काढलेल्या गोड अर्कात हॉप या वेलीची फुले उकळतात आणि तो अर्क यीस्टच्या साहाय्याने आंबवितात. अशा रीतीने तयार होणारे सौम्य मद्य म्हणजे बीअर. तिच्यासाठी मुख्यतः सातू (बार्ली) वापरतात. गहू, मका व तांदूळ यांचीही जोड देतात. अल्कोहॉलचे प्रमाण सामान्यतः घनफळाच्या ४ ते ६ टक्के असते. भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये ते ८ टक्क्यांपर्यंत असू शकते. मोड आणून वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात जी एंझाइमे तयार होतात, ती स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणतात, त्यामागील तत्त्वही हेच होय. यीस्टला शर्करा पचविता येते, स्टार्च पचविता येत नाही. त्यामुळे द्राक्षांचा किंवा ताडाचा रस आपोआप आंबतो; धान्याच्या बाबतीत मात्र ही एक पायरी आधी ओलांडावी लागते.

एवढे लक्षात घेतले, तरी एक रूढ गैरसमज दूर होतो. ताडी ही आपल्याकडची बीअर, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ताडी झाडाच्या रसाची असल्याने ती वाइनला अधिक जवळची आहे. मोहाची दारू ऊर्ध्वपातित असल्याने व्हिस्की-ब्रँडीच्या वर्गात मोडते. बीअरची खरी भारतीय नातलग म्हणजे झारखंड, ओडिशा व ईशान्य भारत या प्रदेशांत भातापासून घरोघरी केली जाणारी हंडिया, आपाँग यांसारखी पेये. मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द या सर्वांना पुरत असल्याने हा घोटाळा सहज होतो.

बीअरविषयी जगभर जितक्या दंतकथा प्रचलित आहेत, तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या पेयाविषयी असतील. याची कारणे मुख्यतः दोन. एक म्हणजे, आंबविण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणासच ठाऊक नव्हते. दुसरे असे, की बीअरवर राज्यकर्त्यांनी कर बसविला व कारखानदारांनी तिची जाहिरात केली; आणि या दोघांनीही इतिहास आपल्या सोयीने सांगितला. यांतील बऱ्याच समजुती नुसत्या करमणुकीच्या आहेत. काहींची किंमत मात्र लोकांना प्राणांनी मोजावी लागली.

उत्पत्तिविषयक कथा : यूरोपातील अनेक मद्यालयांत गांब्रीनुस नावाच्या लठ्ठ, दाढीवाल्या, हाती फेसाळता पेला घेतलेल्या राजाचे चित्र आढळते. हा बीअरचा जनक मानला जातो. व्हितेर्बोच्या आन्निउस नावाच्या इटालियन पंडिताने १४९८ मध्ये प्राचीन म्हणून जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांतील राजवंशावळीत गांब्रीव्हिउस हे नाव येते. ते ग्रंथ त्याने स्वतःच रचले होते, हे पुढे उघडकीस आले. तत्पूर्वीच बव्हेरियाचा इतिहासकार आव्हेंटीनुस याने सोळाव्या शतकात ते नाव उचलून या राजाने बीअरची विद्या ईजिप्तच्या आयसिस देवतेकडून घेतली, अशी भर घातली होती. एका बनावट वंशावळीतील नाव अशा रीतीने सबंध धंद्याचे कुलदैवत होऊन बसले.

सुमेरमधील निंकासी या मद्यदेवतेचे स्तोत्र (सु. इ. स. पू. १८००) ‘जगातील सर्वांत जुनी बीअरची पाककृती’ म्हणून वारंवार पुढे केले जाते. मिगेल सिव्हिल या विद्वानाने १९६४ मध्ये त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला. स्तोत्रात मद्यनिर्मितीच्या पायऱ्या येतात हे खरे. परंतु मापे नाहीत व वेळाही नाहीत. ते देवतेचे स्तवन आहे. एखाद्या आरतीत मोदकांचा उल्लेख आला, म्हणून तिच्यावरून मोदक करता येत नाहीत, तसेच हे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील अँकर या मद्यनिर्मितिशाळेने १९८९ मध्ये मानवशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांच्या साहाय्याने या स्तोत्रावरून बीअर करून पाहिली, तेव्हा मधल्या अनेक जागा तर्काने भराव्या लागल्या. ईजिप्तमध्ये अर्धवट भाजलेल्या पावापासून बीअर करीत, हेही असेच पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेले विधान. डेल्वेन सॅम्युएल यांनी बीअरच्या प्राचीन भांड्यांतील वाळलेल्या अवशेषांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून १९९६ मध्ये दाखवून दिले, की त्या नमुन्यांतील स्टार्चकण पावातल्यासारखे नाहीत. शिजविलेले मोडाचे धान्य व न शिजविलेले मोडाचे धान्य यांच्या मिश्रणापासून ती बीअर केलेली होती.

आपल्याकडील याच जातीची समजूत म्हणजे ‘सोम ही वैदिक आर्यांची बीअर होय’ ही. सोमवल्ली कुटून, पिळून, गाळून तिचा रस यज्ञातच प्राशन करीत. तो आंबण्यास अवधीच मिळत नसे. शिवाय ब्राह्मणग्रंथ सोम व सुरा यांत काटेकोर भेद करतात. बीअरशी तुलना करावयाचीच असेल, तर ती सुरेशी करावी. सौत्रामणी यागात लागणाऱ्या सुरेसाठी मोड आलेला भात (शष्प), मोड आलेला सातू (तोक्म), लाह्या व नग्नहू नावाचे आंबवणाचे मिश्रण सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी मेदक नावाच्या मद्याचे प्रमाण एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे मोजून दिले आहे. जुन्या पाककृतीचा मान द्यायचा, तर निंकासीच्या स्तोत्रापेक्षा या ओळींना देणे अधिक न्याय्य ठरेल.

बेंजामिन फ्रँक्लिन याच्या नावावर खपविले जाणारे बीअर व ईश्वराच्या प्रेमाचे सुभाषित त्याचे नव्हे. फ्रेंच मित्र मोरले यास लिहिलेल्या एका पत्रात त्याने पावसाच्या पाण्याचे द्राक्षवेलीतून मद्य कसे होते, याविषयी तशा अर्थाचा विनोद केला आहे. पण तो वाइनबद्दल आहे.

यीस्ट आणि ‘शुद्धतेचा कायदा’ : बव्हेरियाचे ड्यूक चौथा व्हिल्हेल्म व दहावा लुटव्हिख यांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे काढलेला फतवा ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून जगप्रसिद्ध आहे. बीअरसाठी सातू, हॉप व पाणी यांखेरीज काहीही वापरू नये, असे त्यात म्हटले आहे. ग्राहकांच्या आरोग्यासाठी केलेला, जगातील सर्वांत जुना व आजतागायत अखंड चालू असलेला अन्नविषयक कायदा, असे त्याचे वर्णन जर्मन कारखानदार अभिमानाने करतात. मूळ मजकूर वाचला असता निराळेच चित्र दिसते. त्याचा मोठा भाग बीअरच्या भावासंबंधी आहे : सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे हिवाळ्यात, एक मापास म्यूनिक चलनाचा एक फेनिग व उन्हाळ्यात जास्तीत जास्त दोन फेनिग. घटकांविषयीचे कलम त्यातील एक वाक्य आहे. त्यापूर्वी १४८७ मध्ये म्यूनिक शहरापुरता असाच नियम झाला होता. १५५१ मध्ये बव्हेरियातच धने व तमालवर्गीय पाने घालण्यास परवानगी मिळाली. गव्हाच्या बीअरचा मक्ता सोळाव्या शतकात डेगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे होता व १६०२ पासून खुद्द ड्यूक पहिला माक्सिमिलिआन याने तो आपल्याकडे घेतला. राज्याच्या तिजोरीत त्यातून मोठी भर पडे. ‘शुद्धतेचा कायदा’ हे नाव तर १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळातील एका भाषणात प्रथम आढळते. परदेशी बीअरला जर्मनीत ‘बीअर’ म्हणून विकण्यास या नियमाच्या आधारे बंदी होती, ती यूरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये मुक्त व्यापारातील अडथळा म्हणून अवैध ठरविली.

या फतव्यात यीस्टचा उल्लेख नाही. ‘त्या काळी यीस्ट ठाऊकच नव्हते’, असे याचे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. यीस्ट हा सजीव आहे, हे तेव्हा माहीत नव्हते. पण वर येणारा फेस व तळाशी बसणारा गाळ जपून ठेवून पुढल्या घाण्यास लावण्याची रीत जुनी होती, आणि पाववाले तो गाळ विकत नेत असत. घरी दही लावताना ‘दह्यात काय असते?’ या प्रश्नाला आपण ‘दूध’ असे उत्तर देतो, विरजण सांगत नाही. बव्हेरियाच्या ड्यूकांनी यीस्ट गाळले, ते बहुधा याच कारणाने.

ते विरजण म्हणजे काय, हा वाद पुढे तीनशे वर्षांनी पेटला. लेव्हेनहूक याने १६८० मध्ये यीस्टच्या गोळ्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या. परंतु त्या सजीव असल्याचे त्याने म्हटले नाही. १८३७ च्या सुमारास फ्रान्समधील कान्यार-लातूर व जर्मनीतील श्वान आणि क्यूट्सिंग या तिघांनी स्वतंत्रपणे यीस्ट ही सजीव वस्तू असून किण्वन हे तिचे जीवनकार्य आहे, असे प्रतिपादिले. रसायनशास्त्राचे तत्कालीन धुरीण लीबिग व व्होलर यांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. त्यांनी १८३९ मध्ये लीबिगच्याच संशोधनपत्रिकेत एक निनावी लेख छापला. त्यात एका अतिशय शक्तिमान सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या प्राण्याचे वर्णन होते : त्याचा आकार ऊर्ध्वपातनाच्या बकपात्रासारखा, तो तोंडाने साखर खातो, गुदद्वारातून अल्कोहॉल सोडतो व मूत्रमार्गातून कार्बन डाय-ऑक्साइड. हा सर्व उपहास होता. तथापि यीस्टची कोशिका शर्करा आत घेते आणि अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते, हे आज शाळेतील मुलासही शिकवितात. शास्त्राच्या इतिहासात थट्टेने लिहिलेला मजकूर इतका बरोबर निघाल्याची उदाहरणे थोडीच असतील.

लूई पाश्चर याचा बीअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर फ्रेंच बीअर जर्मन बीअरच्या तोडीची व्हावी, अशी ईर्षा त्यामागे होती. १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड मद्यनिर्मितिशाळेत गेला व तेथील यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात नको ते जंतू मिसळल्याचे त्याने मालकांना दाखविले. पाश्चरीकरण म्हटले, की आपल्याला दुधाची पिशवी आठवते. पण पाश्चरने ही पद्धत प्रथम वाइनसाठी व मग बीअरसाठी वापरली, दुधाकडे ती नंतर वळली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये एकाच कोशिकेपासून शुद्ध यीस्ट वाढविले व ते इतर कारखान्यांनाही मुक्तहस्ताने देण्यात आले. मृत यीस्टच्या रसानेही किण्वन होते, हे एडूआर्ट बूखनर याने १८९७ मध्ये सिद्ध केले आणि लीबिगच्या पक्षाचीही काही अंशी बूज राखली गेली. या कार्यासाठी बूखनर यास १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘इंडिया पेल एल’ची कथा : हिंदुस्थानाशी थेट निगडित असलेला हा भ्रम इंग्रजी मद्येतिहासात सर्वांत चिवट ठरला. कथा अशी : विलायतेहून मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे पाठविलेली बीअर उष्ण कटिबंधातील प्रवासात नासत असे. यावर उपाय म्हणून जॉर्ज हॉज्सन नावाच्या लंडनच्या कारखानदाराने अधिक अल्कोहॉल व भरपूर हॉप घालून एक नवीनच बीअर शोधून काढली, तीच इंडिया पेल एल. पुढे १८२७ मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेले एक जहाज आयरिश समुद्रात फुटले, त्यावरील सुमारे ३०० पिंपे लिव्हरपूलला लिलावात विकली गेली आणि इंग्रजांना घरबसल्या या बीअरची चव कळली.

मार्टिन कॉर्नेल या इंग्रज अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे व कारखान्यांच्या वह्या चाळून या कथेचा एकेक धागा तपासला. अठराव्या शतकात केवळ पेल एलच नव्हे, तर काळी पोर्टर, हलकी बीअर आणि सफरचंदाची सायडरही हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे आवडते पेय पोर्टर होते व ती शेवटपर्यंत मोठ्या प्रमाणावर येत राहिली. पेल एल हे साहेब लोकांचे पेय होते. हॉज्सनच्या आधीपासून इंग्लंडात ‘ऑक्टोबर बीअर’ नावाची, हॉप जास्त असलेली व दीड-दोन वर्षे मुरविण्याची बीअर जमीनदारांच्या घरी होत असे. जहाजात चार-सहा महिने हेलकावे खात, दोनदा विषुववृत्त ओलांडून आलेली ही बीअर लवकर व उत्तम मुरे, एवढाच काय तो शोध. आणि तो कोणी लावला नसून आपोआप लागला.

हॉज्सनचे खरे भांडवल त्याच्या कारखान्याचे ठिकाण हे होते. १७५२ मध्ये सुरू झालेला त्याचा कारखाना लंडनच्या पूर्वेस बो येथे, ली नदीच्या काठी होता. कंपनीची जहाजे नांगर टाकीत ते ब्लॅकवॉल तेथून जवळच. कंपनीच्या कप्तानांना जहाजात खाजगी व्यापारासाठी जागा मिळे. हॉज्सन त्यांना दीड वर्षापर्यंत उधारी देई, म्हणजे माल हिंदुस्थानात विकून परत आल्यावर त्यांनी पैसे द्यावयाचे. इतकी सवलत देणाऱ्याचा माल खपणारच. त्याच्या वारसांनी १८२० नंतर कप्तानांना वगळून स्वतःच व्यापार करण्याचा व रोखीचा आग्रह धरला. तेव्हा कंपनीच्या संचालकांपैकी मार्जोरीबँक्स याने बर्टन येथील ऑलसॉप या कारखानदारास तशीच बीअर करण्यास सुचविले. ऑलसॉपच्या माणसाने पहिला घाणा चहाच्या किटलीत करून पाहिला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिचा मोह मद्यावर लिहिणाऱ्या कोणालाच टाळता आलेला नाही. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट (जिप्सम) विपुल असल्याने तेथील बीअर अधिक स्वच्छ व तरतरीत उतरली. रशियाने आयातकर वाढविल्यामुळे बर्टनच्या कारखानदारांचा बाल्टिककडील व्यापार बसला होता. हिंदुस्थानने तो भरून काढला.

जहाज फुटल्याची गोष्ट १८६९ मध्ये छापलेल्या बर्टनच्या एका इतिहासात, म्हणजे तथाकथित घटनेनंतर चार दशकांनी येते. आणि ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव आजवर मिळालेल्या छापील कागदांत प्रथम दिसते, ते मुंबईत वा लंडनमध्ये नव्हे, तर १८२९ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत.

विलायती बीअरची सद्दी असतानाच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसौली व मरी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी बीअरचे कारखाने निघाले. या धंद्यातील एक प्रमुख नाव एडवर्ड डायर याचे. जालियनवाला बाग हत्याकांडातील जनरल डायर हा त्याचाच मुलगा.

पाणी, रंग व बोकड : मध्ययुगात पाणी दूषित असल्याने यूरोपातील लोक पाण्याऐवजी बीअरच पीत, हे विधान इतक्यांनी इतक्या वेळा केले आहे, की ते तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः लंडन शहराने १२४५ मध्ये नळाने झऱ्याचे पाणी आणण्याचे काम सुरू केले. ज्या पाण्यास कोणी तोंड लावत नाही, त्यासाठी असा खर्च कोण करील? लोक पाणी पीत होते. बीअर त्यांना आवडे व तिच्याने पोटही भरे. या समजुतीच्या पुष्ट्यर्थ १८५४ च्या लंडनमधील कॉलऱ्याचा दाखला देतात. ब्रॉड स्ट्रीटवरील दूषित पंपाजवळच एक मद्यनिर्मितिशाळा होती. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी कोणालाही कॉलऱ्याने गंभीर आजार झाला नाही. डॉ. जॉन स्नो याने ही नोंद केली आहे खरी. कामगारांना रोज बीअर मिळे व ते पाणी पीतच नसावेत, असे मालकाने त्याला सांगितले. पण स्नोने त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही : त्या आवारात स्वतंत्र खोल विहीर होती.

काळी बीअर अधिक कडक, हीही सार्वत्रिक समजूत आहे. रंग भाजलेल्या धान्यामुळे येतो, अल्कोहॉल शर्करेमुळे. दोहोंचा परस्परसंबंध नाही. आयर्लंडच्या काळ्याभोर गिनेसमध्ये अल्कोहॉल सुमारे ४.२ टक्के, म्हणजे आपल्याकडील सोनेरी ‘स्ट्राँग’ बीअरच्या जवळजवळ निम्मे असते. गिनेस डब्लिनच्या लिफी नदीच्या पाण्यापासून करतात, असे आयरिश लोकच सांगतात. ते पाणी विक्लो पर्वतातून येते. ‘बॉक’ ही दाट बीअर वर्षातून एकदा पिंपे धुताना निघालेल्या गाळापासून होते, असे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या मानीत. तिचे मूळ उत्तर जर्मनीतील आइनबेक गावात आहे. तेथील एक कुशल कारागीर १६१४ मध्ये म्यूनिकच्या राजकीय मद्यनिर्मितिशाळेत आणण्यात आला. बव्हेरियन उच्चारात ‘आइनबेक’चे ‘आइन बॉक’ झाले. याचा अर्थ ‘एक बोकड’. तेव्हापासून बाटलीवर बोकड आहे.

भारतातील समजुती : भारतीय बीअरमध्ये ग्लिसरीन घातलेले असते व ते काढून मगच ती प्यावी, असे मानणारे अनेक आहेत. परदेशी पर्यटकांतही ही समजूत पसरली. रीत अशी, की बाटली पाण्याच्या पेल्यात उपडी धरावयाची. मग तोंडातून दाट, तेलकट रेषा खाली उतरताना दिसतात, तेच ग्लिसरीन. प्रत्यक्षात तेथे दिसते ती बीअरच. विरघळलेल्या शर्करा व डेक्स्ट्रिने यांमुळे बीअर पाण्याहून किंचित जड असते. ती खाली उतरते आणि तिच्या जागी पेल्यातील पाणी बाटलीत चढते. किण्वनात यीस्टच दर लिटरमागे एखाददोन ग्रॅम ग्लिसरीन निर्माण करते, पण ते जगातील सर्वच बीअरमध्ये असते व विरघळलेले असल्याने असे वेगळे होत नाही. सारांश, हा शुद्धिप्रयोग करणारा गृहस्थ पदरचे पैसे देऊन बीअरमध्ये पाणी मिसळून घेतो.

बीअरने मूतखडा पडतो, ही समजूत मात्र इतकी निरुपद्रवी नाही. महाराष्ट्रात एरवी मद्यास न शिवणारी माणसेही या कारणाने बीअर ‘औषध म्हणून’ घेताना आढळतात. अल्कोहॉलमुळे लघवीचे प्रमाण तात्पुरते वाढते, एवढे खरे; पण त्याबरोबर शरीरातील पाणी कमी होते. शिवाय बीअरमध्ये प्यूरीन वर्गातील द्रव्ये असल्याने रक्तातील यूरिक अम्ल वाढते आणि काही खडे याच अम्लाचे बनलेले असतात. बीअर घेणाऱ्यांत खड्यांचे प्रमाण कमी असल्याचे काही पाहण्यांत दिसले आहे. परंतु खडे न होणे व झालेला खडा पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मोठा खडा मूत्रवाहिनीत अडकला असताना लघवीचा दाब वाढविल्यास वेदना वाढतात व निदान लांबते.

घरगुती बीअर : बीअर घरी करणे ही आधुनिक हौस आहे, असे समजणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय. चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडात बीअर (त्या वेळी हॉपविरहित एल) करणे हे बव्हंशी बायकांचे घरकाम होते. उरलेली बीअर त्या शेजारीपाजारी विकीत. जूडिथ बेनेट यांनी १९९६ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे हॉपमुळे बीअर टिकाऊ झाली, तिचा व्यापार वाढला, त्यास भांडवल लागू लागले आणि ते ज्यांच्याकडे नव्हते त्या बायका या व्यवसायातून हळूहळू बाहेर पडल्या. चेटकिणीची टोकदार टोपी, कढई, मांजर व झाडू ही या मद्य करणाऱ्या बायकांचीच खूण होती, असा एक नवा भ्रम अलीकडे फैलावला आहे. ती टोपी मुख्यतः अठराव्या शतकातील छापील चोपड्यांच्या चित्रांतून रूढ झाली, आणि कढई व झाडू कोणत्या घरात नव्हते?

घरगुती बीअरला बंधने आली ती करामुळे. इंग्लंडात ग्लॅडस्टन याने १८८० मध्ये माल्टवरील कर रद्द करून तो अर्कावर बसविला, तेव्हा घरी बीअर करणाऱ्यांनाही परवाना घ्यावा लागला. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री मॉडलिंग याने काढून टाकला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. ती उठल्यावर कुटुंबप्रमुखास घरी वाइन करण्याची करमाफी मिळाली, बीअरला मात्र मिळाली नाही. ही विसंगती १९७८ च्या अधिनियमाने दूर झाली व १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाच्या घरात वर्षाला १००, दोन वा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन (सु. ३७९ व ७५७ लिटर) बीअर करमुक्त करता येऊ लागली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या अधिनियमावर सही केली, एवढ्यावरून अमेरिकेतील हौशी मंडळी त्यांना आपला मुक्तिदाता मानतात. सिनेटमध्ये ही तरतूद घालून घेणारे ॲलन क्रॅन्स्टन यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. ॲलाबॅमा व मिसिसिपी या राज्यांनी तर ही परवानगी २०१३ मध्ये दिली. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अनुज्ञप्तीवाचून कोणतेही मद्य तयार करण्यास मनाई करतो आणि त्याच्या व्याख्येत बीअरही मद्यच आहे. ‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे बैठकीतले वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

घरी केलेल्या बीअरने माणूस आंधळा होतो, ही भीती अमेरिकेत दारूबंदीच्या काळात जन्मली व सर्वत्र पसरली. त्या काळी घरगुती बीअरने केले ते इतकेच, की ती बेचव लागे आणि आंबणे पुरे होण्याआधी बुचे मारल्याने वायूच्या दाबाने बाटल्या माळ्यावर फुटत. माणसे आंधळी झाली व मेली ती औद्योगिक अल्कोहॉलने. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथिल अल्कोहॉल (मिथेनॉल) मिसळीत. १९२६-२७ च्या सुमारास सरकारने त्याचे प्रमाण वाढविले, आणि चोरटे व्यापारी तेच पुन्हा पिण्याची दारू म्हणून विकीत. धान्याच्या किण्वनात मिथेनॉल जवळजवळ होतच नाही. ते पेक्टिनापासून होते व पेक्टिन फळांत असते. तेथेही त्याचे प्रमाण अल्प असते. ऊर्ध्वपातनाने नवे मिथेनॉल निर्माण होत नाही. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांमागे भट्टीवाल्याची चूक क्वचित व कारखान्यातून आणून मिसळलेले स्वस्त मिथेनॉल बहुतेक वेळा असते. मुंबईत मालाड-मालवणी येथे जून २०१५ मध्ये १०० हून अधिक माणसे मेली, ती याच रीतीने.

भीती चुकीच्या वस्तूची बाळगल्याने खऱ्या विषाची लक्षणे ओळखण्यास उशीर होतो. मिथेनॉल प्यालेल्या माणसास प्रथम साध्या दारूसारखीच नशा येते. यकृतात त्याचे फॉर्मिक अम्ल होण्यास वेळ लागतो, त्यामुळे पोटदुखी, उलट्या, धाप व डोळ्यांपुढे पांढरे धुके ही लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात. तोवर घरचे लोक ‘उतरत नाही अजून’ म्हणून रुग्णास झोपू देतात. फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली एथिल अल्कोहॉल देऊन आणि रक्ताचे अपोहन (डायलिसिस) करून अशा रुग्णाचे प्राण वाचविता येतात. दृष्टी मात्र उपचार लवकर सुरू झाले, तरच वाचते.